खेळूचो नाय तर पत्तो कित्याक?

पत्ते म्हटलं की कोकणात दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक गणपतीतल्या जागरणाचं, दुसरं जत्रेच्या कडेला पडलेल्या धाडीचं. पहिल्यात पत्ते हातात असतात, दुसऱ्यात पंचनाम्यात. पत्त्याची तिसरीही एक अवस्था असते, म्हणजे तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, ते पाकीट कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकाच्या कमरेला, हे ओट्यावर बसलेल्या माणसाला पटवणं कठीण आहे. पण अशी माणसं आहेत. पोकेमॉनची, क्रिकेटपटूंची, कुस्तीगिरांची कार्डं जमवणारी ही मंडळी मुंबई-पुण्यात एखाद्या कॅफेतली टेबलं जोडून भेटतात. तिथे बक्षीस नसतं, पंच नसतो, उद्घाटनाला पुढारीही नसतो. जो तो आपली वही उघडतो, जिच्या एकेका पानाला नऊ नऊ खिसे असतात. मग दुसऱ्याची वही चाळतो, दोन-चार अदलाबदली होतात, चहा होतो आणि मंडळी पांगतात. यातले कितीतरी जण एक डावसुद्धा खेळत नाहीत. असा मेळा समजा उद्या देवगड तालुक्यातल्या मिठबावात भरला, रामेश्वराच्या देवळापासून गजबादेवीच्या खडकापर्यंत कुठेही सावली बघून, तर गावाचा पहिला प्रश्न काय असेल हे सांगायला ज्योतिषी नको: ‘खेळूचो नाय तर पत्तो कित्याक?’

प्रश्न वाजवी आहे. बैलगाडी बांधून ती माजघरात ठेवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. पण या प्रश्नाला हसण्यावारी नेण्याचा अधिकार महाराष्ट्रात ज्या एका जिल्ह्याला सर्वांत कमी आहे, तो नेमका सिंधुदुर्ग. या जिल्ह्याची पत्त्यांमधली जी काही कीर्ती आहे, ती खेळणाऱ्यांनी जवळजवळ बुडवली होती. ती वर काढली ती न खेळणाऱ्यांनी. माझं म्हणणं एवढंच आहे, की पत्ता खेळणारा संपवतो आणि जमवणारा टिकवतो, आणि म्हणून वही काखोटीला मारून मेळ्याला निघालेल्या इसमाला हसायचंच असेल तर जरा बेतानं हसावं.

आधी खेळणाऱ्याच्या हातात पत्त्याचं काय होतं ते पाहू. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाकरमानी मुंबईहून नवा कोरा कॅट आणतो. पहिल्या रात्री तो इतका गुळगुळीत असतो की पिसताना अर्धा कॅट समोरच्याच्या मांडीवर जातो. दुसऱ्या रात्री त्याला मोदकाच्या तुपाचा हात लागतो. तिसऱ्या रात्री भजनाची मंडळी येऊन जातात आणि चौकटची दुर्री चहाच्या कपाखाली बशी म्हणून वापरली जाते. पाचव्या दिवसापर्यंत कोकणातल्या भाद्रपदी हवेनं प्रत्येक पत्ता पापडासारखा वाकलेला असतो, आणि इस्पिकचा एक्का कोपरा दुमडल्यामुळे उलटा ठेवला तरी सगळ्या घराला ओळखू येतो. त्यापुढचं धोरणही सर्वत्र सारखंच. एखादा पत्ता हरवतो, मग जोकर पुढे येतो आणि त्याच्या पोटावर बॉलपेनानं ‘किलवर सत्ती’ असं लिहिलं जातं. दुसरा हरवला की दुसऱ्या जोकराची बदली होते. तिसरा हरवला की ‘तीनशे चार’ खेळायला सगळे पत्ते कुठे लागतात, अशी सोयीची आठवण कुणाला तरी होते. पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत हा कॅट जिवंत राहिल्याचं उदाहरण दुर्मीळ. खेळ उत्तम झाला, यात वाद नाही. पण पत्त्यांच्या दृष्टीनं पाहिलं तर ती आहुती होती.

आता हाच हिशेब गंजिफ्याला लावा. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा म्हणजे एकशेवीस पत्ते, तेही गोल. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. तिघं खेळायला बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पत्ते. चाळीस गोल चकत्या एका हातात धरून पंखा करायचा, ही मुळातच सर्कशीची तयारी. त्यात कोणाचे किती मासे गेले आणि किती कासवं उरली हे डोक्यात ठेवायचं. अबुल फझलनं ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या एकशेचव्वेचाळीस पत्त्यांच्या गंजिफ्याचं वर्णन करून ठेवलं आहे, आणि म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात तीनशेसाठ पत्त्यांपर्यंत मजल मारली. त्यामानानं सावंतवाडीकर संयमीच म्हणायचे. हे पत्ते करायची रीतही तशीच निवांत. चिंचोक्याच्या खळीनं थरावर थर चिकटवायचे, ते गोल कापायचे, अस्तर द्यायचं, रंगवायचे आणि वर लाखेचा हात फिरवायचा. मग छापखान्यातला बावन्न पानांचा विलायती कॅट आला. तो स्वस्त होता, चौकोनी होता आणि हरवला तर कुणाला गहिवर येत नव्हता. झालं. जे पक्के खेळगडी होते, तेच आधी तिकडे गेले. खेळणाऱ्याची निष्ठा खेळावर असते, पत्त्यावर नसते. त्यात त्याचा दोष नाही, पण चितारी मंडळींच्या घरातली रंगाची वाटी सुकली ती याच निष्ठेमुळे.

ती पुन्हा ओली कुणी केली? सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, १९७०च्या दशकाच्या आरंभी. तोवर या कामातले जाणते म्हणून उतारवयाचे पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून स्वतः हे काम शिकल्या आणि राजवाड्याच्या दरबारात कारागीर बसून पत्ते रंगवू लागले. आज तुम्ही तिथे गेलात तर गंजिफ्याचा संच विकत मिळतो. तो घेणाऱ्या शंभर जणांपैकी खेळण्यासाठी किती जण घेत असतील, याचा अंदाज करायला फार गणित येण्याची गरज नाही. लोक तो चौकटीत लावतात, लग्नात देतात, दिवाणखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मांडतात. नियमाचा कागद सोबत असला तर तो पेटीच्या तळाशी सुखानं झोपतो. तरीही, खरं तर म्हणूनच, कुंचला चालू आहे. खेळणाऱ्यांच्या भरवशावर राहिले असते तर चितारी केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागले असते.

इथे एक जण घसा खाकरणार हे मला दिसतं आहे. त्याचं म्हणणं असं, की हे जगवणं नव्हे, हे तर मसाला भरून ठेवलेलं हरीण. खेळ मेला आणि पत्ता उरला, याला तुम्ही विजय म्हणता? आक्षेप खरा आहे आणि तो मला टोचतोही. पण खेळ परत यायचा असेल तर कशातून येणार, हे मात्र आक्षेपकाला सांगता येत नाही. मुंबईत रुडॉल्फ फॉन लायडन नावाचे एक जर्मन कलासमीक्षक होते. हुसेन-रझा-सूझा यांच्या पिढीला त्यांनी उचलून धरलं, हे चित्रकलेतल्या लोकांना माहीत असतं. त्यांचा दुसरा नाद मात्र लोक विसरतात. ते हिंदुस्थानभरचे गंजिफे जमवत. जिथून जो संच मिळेल तो घ्यायचा, कुठला रंग कुठे कोणत्या चिन्हानं ओळखतात ते टिपून ठेवायचं, असा त्यांचा उद्योग. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हिंदुस्थानी पत्त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याचं पुस्तक लायडन यांनी लिहिलं. आज कुणाला खरंच तीन भिडू गोळा करून गंजिफा खेळायची हुक्की आली, तर नियम शोधत त्याला अशाच कुणा जमवणाऱ्याच्या दारात जावं लागतं. खेळाडूंना नियम पाठ असतात, त्यामुळे ते लिहून ठेवत नाहीत. आणि ज्याला पाठ असतं तो एक दिवस जातो. मसाला भरलेल्या हरणाला निदान शिंगं किती होती हे तरी मोजता येतं.

दुसरा आक्षेप वयाचा. दाढीत पांढरे केस आलेल्या माणसानं पिवळ्या उंदराच्या चित्रासाठी जीव टाकावा हे पोरकट दिसतं, यात शंका नाही. पण पोरकटपणाची व्याख्या करताना आपण स्वतःला मोठ्या चतुराईनं बाहेर ठेवतो. बिग फन बबलगमबरोबर मिळणाऱ्या धावा आणि विकेटा मोजत ज्यांचं बालपण गेलं, किंवा कोणत्या पैलवानाची छाती किती इंच आणि दंड किती इंच हे गणिताच्या पाढ्यांपेक्षा ज्यांना चांगलं येत होतं, ते सगळे आज बँकेत, शाळेत, ग्रामपंचायतीत जबाबदारीनं बसलेले आहेत. आणि खुद्द गावरहाटी काय आहे? बारा-पाचाच्या मानकऱ्यांत पहिला नारळ कुणाचा, पालखीला खांदा कुठल्या बाजूनं कुणी द्यायचा, कौल आधी कुणी घ्यायचा, यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या अबोला चालतो आणि प्रकरण कोर्टातही जातं. त्या नारळात खोबरं इतरांच्या नारळाएवढंच असतं. त्याची किंमत तो ‘पहिला’ असण्यात आहे. पोकेमॉनच्या १९९९ सालच्या इंग्रजी संचात एकशेदोन पत्ते होते. त्यातला चौथ्या क्रमांकाचा चॅरिझार्ड ‘पहिल्या आवृत्ती’चा शिक्का असेल तर एका भावाचा आणि शिक्का नसेल तर दुसऱ्याच भावाचा. ज्याला पहिल्या नारळाचा मान कळतो, त्याला हा शिक्का समजावून सांगावा लागू नये.

प्रतवारीचंही तेच. अमेरिकेत १९९१पासून एक कंपनी पत्ते तपासून त्यांना एक ते दहा गुण देते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र किती मधोमध आहे हे बघायचं, पत्ता कडक पेटीत सील करायचा आणि वर क्रमांकाची चिठ्ठी लावायची. मिठबावच्या माणसाला हे ऐकवा आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसतं का बघा. दिसणार नाही. त्याचं अख्खं घर एप्रिल-मे महिन्यांत हेच करत असतं. फळ हातात घेतलं की ते चार डझनी पेटीतलं की सहा डझनी, देठाजवळ डाग आहे का, चीक सांडला आहे का, हे त्याला वजनकाट्याशिवाय कळतं. शिवाय २०२५च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं हापूसच्या प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायची पद्धत आणली, म्हणजे कर्नाटकातला आंबा देवगडचा म्हणून खपू नये. प्रत्येक नगाला क्रमांक, अस्सलपणाचा दाखला, आणि स्टिकर फाटलं की विश्वास गेला. आता एवढंच सांगा, की पत्तेवाल्यांनी यापेक्षा वेगळं काय केलं? फरक आहे तो इतकाच की आंबा आठ दिवसांत खावा लागतो. त्यामुळे आंबेवाल्याचा नाद दरवर्षी आपोआप उतरतो आणि पत्तेवाल्याचा उतरत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी अर्धा मान्य करतो. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत काय निघेल ठाऊक नाही, निघालं तर सोनं आणि नाही तर दहा कागद, हा जुगाराचा सख्खा चुलतभाऊ आहे. हापूस वरून कितीही केशरी दिसो, आत साका आहे की नाही हे कापल्याशिवाय कळत नाही. पाकिटाचंही तसंच. पण मोहोरावर बाग खंडानं घेणारा व्यापारी काय वेगळं करतो? तो तर झाडावर फळही नसताना पाकीट फोडायला बसतो. टंचाई मुद्दाम पिकवण्याचा आरोपही खरा आहे. ‘मॅजिक’ या खेळाच्या कंपनीनं १९९६ साली काही पत्ते पुन्हा कधीच छापणार नाही असं वचन देऊन टाकलं, ते जमवणाऱ्यांच्या रागाला भिऊनच. आणि टॉप्स कंपनीनं तर १९५२ सालचे न खपलेले बेसबॉलचे पत्ते १९६०मध्ये पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडवले. अडगळ झाली म्हणून बुडवले, पण पुढे त्याच संचातला मिकी मँटलचा एक पत्ता २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेला. तांबळडेगच्या किनाऱ्यावर उभं राहून ही गोष्ट ऐकणारा मनातल्या मनात समुद्राला किती शिव्या देईल, याची कल्पना करवत नाही. आजवर त्याच्या समुद्रानं भाव वाढवला तो फक्त जून-जुलैच्या मासेमारी-बंदीत, आणि तोही सुरमईचा.

पण हे सगळं दुकानातलं झालं. मेळ्यात पाकीट फोडण्याचं काम संपलेलं असतं. तिथे पत्ते उताणे असतात. माझा हा, तुझा तो, पटलं तर घे. जुगाराला जो अंधार लागतो तो तिथे उरत नाही. पोलिसांनीच ठरवावं. पत्ते घेऊन पंधरा माणसं एका पडवीत बसली आहेत, अशी कुणी खबर दिली आणि १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा खिशात घालून हवालदार आला, तर पंचनाम्यात काय लिहिणार? ‘पत्ते मिळून आले. डाव मिळून आला नाही. पैसे कोणीही लावलेले नव्हते. इसम एकमेकांस पत्ते दाखवीत होते.’ हा मजकूर वाचून न्यायाधीश आरोपींना नाही, हवालदाराला दोन प्रश्न विचारतील.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो ओट्यावरच्या म्हाताऱ्यालाही सुचलेला नाही. जमवायचं तर जमवा, पण भेटायचं कशाला? अदलाबदल फोनवर होते, भाव फोनवर कळतो, चित्र फोनवर दिसतं. इथे मात्र कोकणानं जगाला काही शिकवावं असं मला वाटतं. आमच्याकडे ‘गजाली’ नावाची एक संस्था आहे. तिला घटना नाही, अध्यक्ष नाही आणि विषयपत्रिकाही नाही. कुणाच्या तरी पडवीत कुणीतरी टेकतं आणि विषय पावसापासून सुरू होऊन सोयरिकीपर्यंत जातो. गजालीला निमित्त म्हणून काहीतरी हातात लागतं: सुपारी, विडी, सोलायचे काजू. पत्ता हे तसलंच निमित्त. ज्याच्याकडे दुर्मीळ पत्ता आहे त्याला तो विकायचा नसतो, त्याला समोरच्याचे डोळे विस्फारलेले बघायचे असतात. घरच्या माणसांचे ते विस्फारत नाहीत, निदान कौतुकानं तरी नाहीत. कपाटात एकटा पडलेला अनमोल पत्ता आणि गाडून विसरलेला हंडा यांत भुताशिवाय फारसा फरक नाही.

आणि मिठबावसारख्या ठिकाणी हा मेळा मुंबईपेक्षा चांगला रंगेल, असं म्हणायला एक ठोस कारण आहे. मुंबईत दोघांची घासाघीस सुरू झाली की दोघेही फोन काढतात, एकाच संकेतस्थळावरचा एकच आकडा बघतात आणि संभाषण तिथेच मरतं. कोकणात रेंज ही अजूनही बऱ्याच ठिकाणी सड्यावर जाऊन आणायची वस्तू आहे. फोन मुका झाला की माणसाला बोलावं लागतं. ‘काय देतंस?’, ‘तूच सांग’, ‘मी कित्याक सांगू?’ अशा वळणानं तासभर गेला तरी एकही आकडा तोंडातून बाहेर पडत नाही, आणि शेवटी एका कुस्तीगिराच्या बदल्यात दोन क्रिकेटपटू आणि पाच ओले काजू असा तह होतो. या तहाचा भाव कुठल्याच संकेतस्थळावर सापडणार नाही. अडचण येईल ती सोवळ्याची. हे लोक पत्त्याला कडेनंच धरतात, बोटाचा ठसा उमटू देत नाहीत, आणि जवळपास कुणी कांदाभजी आणली तर त्यांच्या कपाळावर तशाच आठ्या पडतात जशा आजीच्या पडायच्या, ओवळ्यातला हात देव्हाऱ्याकडे गेला की. गावात मात्र भजीशिवाय बैठक बसत नाही. यावर तोडगा म्हणून एका हाताला भजी आणि दुसऱ्याला पत्ता असा नियम करता येईल, पण वही उलटायला दोन्ही हात लागतात.

त्यात कुणी सावंतवाडीचा दशावतारी संच आणला तर मजा येईल. जत्रेच्या नाटकात पहाटेपर्यंत जागून बघितलेले अवतार तळहाताएवढ्या चकत्यांवर पाहून गावातली पोरं वाकून बघतील. मग कुणीतरी म्हणेल, एक डाव टाकूया की. गंजिफ्यात दिवसा ज्याच्या हाती राम त्यानं उतारी करायची आणि रात्री ज्याच्या हाती कृष्ण त्यानं. गजाली लांबल्या, सूर्य गजबादेवीच्या मागे बुडाला, तर उतारी रामाची की कृष्णाची हा पेच आहेच. पण त्याच्या आधी दुसरा पेच आहे. संच अजून सीलबंद आहे, त्याला दहापैकी दहा गुण मिळतील असं मालकाचं ठाम मत आहे, आणि ते सील फोडायचा पहिला मान कुणाचा, हे ठरवायला बारा-पाचांनाच बोलवावं लागेल.